मैदानापासून पदकापर्यंत

पाठाचा परिचय

एखादा देश एखाद्या खेळात पुढे असतो आणि दुसरा मागे पडतो. हे कशामुळे घडते? केवळ खेळाडूंच्या अंगच्या गुणांमुळे, की आणखी काही कारणांमुळे? हॉकीच्या उदाहरणातून या पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे. पाठ वाचताना आपल्या गावातील मैदाने डोळ्यांसमोर आणा.

---

मुलांनो, भारताचा संघ हरला की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर काय बोलले जाते, ते तुम्ही ऐकले असेल. कोणी म्हणतो, "आपल्या मुलांत जोरच नाही." कोणी म्हणतो, "आपले लोक आळशी झाले." संघ जिंकला की हीच माणसे म्हणतात, "आपल्या रक्तातच हॉकी आहे!" या दोन्ही बोलण्यांत एक चूक आहे. जय आणि पराजय यांचे सारे श्रेय किंवा सारा दोष मैदानावरच्या अकरा खेळाडूंच्या माथी मारला जातो. त्या अकरा जणांना लहानपणी मैदान कोठे मिळाले, काठी कोणी दिली, शिकवले कोणी आणि खर्च कोणी केला, हे कोणी विचारत नाही.

आधी इतिहास पाहू. १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे भारताने ऑलिम्पिकमधील हॉकीचे पहिले सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. ध्यानचंद यांनी एकट्यांनी चौदा गोल केले. तेथून १९८० पर्यंत भारताने एकूण आठ सुवर्णपदके मिळवली. त्यानंतर मात्र उतार लागला. २००८ साली बीजिंग ऑलिम्पिकसाठी भारतीय संघ पात्रसुद्धा ठरला नाही. २०१२ साली लंडनमध्ये बारा संघांत आपण बारावे आलो. भारतातील मुले एवढ्या वर्षांत अचानक दुबळी झाली होती काय? नाही. मग बदलले काय?

मैदान जेथे, खेळाडू तेथे

हॉकी आपल्याकडे इंग्रजांच्या फौजेबरोबर आली. त्यामुळे जेथे लष्कराच्या छावण्या होत्या, तेथे हॉकीची मैदाने तयार झाली. जी वस्ती छावणीच्या शेजारी होती, तेथील मुलांना खेळ रोज पाहायला मिळाला आणि मैदानही मिळाले. पंजाबात जालंधर छावणीला लागून संसारपूर नावाचे एक खेडे आहे. या एका खेड्याने डझनाहून अधिक ऑलिम्पिक खेळाडू दिले. संसारपूरच्या मातीत काही जादू होती असे नाही. घरातून निघाले की मैदान होते, आणि मैदानावर आपल्याहून मोठे, चांगले खेळणारे लोक होते.

भोपाळ हेही हॉकीचे असेच जुने शहर. तेथील अहमद शेर खान १९३६ च्या सुवर्णपदक विजेत्या संघात होते. त्यांचे चिरंजीव अस्लम शेर खान १९७५ च्या विश्वचषक संघात होते. क्वालालंपूर येथे मलेशियाविरुद्ध उपान्त्य सामन्यात भारत मागे पडला होता. सामना संपायला थोडा वेळ उरला असताना अस्लम यांना बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरवले गेले आणि त्यांनी बरोबरीचा गोल केला. पुढे भारताने तो विश्वचषक जिंकला. बाप आणि मुलगा दोघेही देशासाठी खेळले, कारण त्या शहरात खेळाची परंपरा आणि खेळायला जागा, दोन्ही होत्या.

आता आपल्या महाराष्ट्रात या. पुण्याजवळ खडकी येथे लष्कराची छावणी आहे आणि दारूगोळ्याचा कारखानाही आहे. या कारखान्याच्या वसाहतीत १९६८ साली धनराज पिल्ले यांचा जन्म झाला. त्यांचे वडील तेथे मैदानाची देखभाल करण्याचे काम करीत. घरची स्थिती बेताची होती. नवी काठी विकत घेणे परवडत नव्हते. धनराज आणि त्यांचे भाऊ मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळत. पुढे ते मुंबईला आपल्या थोरल्या भावाकडे गेले. तेथे महिंद्रा कंपनीच्या संघात त्यांना स्थान मिळाले आणि प्रशिक्षणही मिळाले. धनराज चार ऑलिम्पिक स्पर्धा आणि चार विश्वचषक स्पर्धा खेळले. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक जिंकले.

धनराज यांची कथा सांगताना लोक नेहमी मोडक्या काठीवर थांबतात. गरिबीतून माणूस कसा वर आला, हे सांगतात. ते खरेच आहे. परंतु नीट पाहा, त्यांच्याजवळ पैसा नव्हता, तरी तीन गोष्टी होत्या. घरापाशी मैदान होते. बरोबर खेळणारे भाऊ आणि मित्र होते. मोठे झाल्यावर नोकरी देणारा आणि शिकवणारा संघ होता. यांतील एक गोष्ट जरी नसती, तरी तेच धनराज, तोच वेग आणि तीच जिद्द असूनही आपण त्यांचे नाव ऐकले नसते.

मैदान बदलले

१९७६ साली मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली. यालाच ॲस्ट्रोटर्फ किंवा नुसते टर्फ म्हणतात. नैसर्गिक गवतावर चेंडू अडखळतो, उसळतो, थांबतो. तेथे मनगटाच्या कौशल्याला, चेंडू काठीला चिकटवून नेण्याला फार महत्त्व होते. आपले खेळाडू या कलेत निपुण होते. टर्फ मात्र सपाट असते. तिच्यावर चेंडू सरळ आणि फार वेगाने जातो. तेथे पळण्याची ताकद, दमदार फटका आणि लांबचा पास यांना महत्त्व आले. मॉन्ट्रियलमध्ये भारताचा क्रमांक सातवा लागला.

यात अन्याय झाला का? नियम सर्वांना सारखाच होता. पण सारखा नियम आणि सारखी संधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॉकीचे मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. एवढ्या जागेवर टर्फ घालायला कोट्यवधी रुपये लागतात. खाली पक्का पाया लागतो. पाणी मारण्याची व्यवस्था लागते. काही वर्षांनी टर्फ झिजली की ती बदलावीही लागते. युरोपातील श्रीमंत देशांनी गावोगावी टर्फ घातली. आपल्याकडे अनेक वर्षे मोजक्या मोठ्या शहरांतच टर्फ होती. खेड्यातील मुलगा दहा-बारा वर्षे मातीवर किंवा गवतावर खेळायचा आणि निवड झाल्यावर प्रथमच टर्फवर उभा राहायचा. विहिरीत पोहायला शिकलेल्याला एकदम समुद्रात सोडावे, तशी त्याची गत व्हायची.

आपला शेजारी पाकिस्तानही हॉकीतला बलाढ्य देश. त्याने १९६०, १९६८ आणि १९८४ साली ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले होते. २०१६, २०२० आणि २०२४ या तीन ऑलिम्पिक स्पर्धांना तो संघ पात्र ठरू शकला नाही. म्हणजे हा प्रश्न एका देशातील मुलांच्या रक्ताचा किंवा जिद्दीचा नव्हता.

इतर देश काय करतात?

नेदरलँड हा देश आकाराने महाराष्ट्राच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा आहे. तेथे हॉकी क्लबांचे अडीच लाखांच्या आसपास सभासद आहेत. मुलगा-मुलगी सहा-सात वर्षांची झाली की सायकलवरून जवळच्या क्लबात जाऊ शकतात. तेथे टर्फ असते, शिकवणारे असतात आणि दर आठवड्याला सामनाही असतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हॉकीची पुरुषांची आणि महिलांची, दोन्ही सुवर्णपदके नेदरलँडने जिंकली.

हॉकीचा एक प्रकार बर्फावरही खेळतात. त्याला आइस हॉकी म्हणतात. त्यात हे सत्य आणखी स्पष्ट दिसते. फिनलंड या देशाची लोकसंख्या सुमारे पंचावन्न लाख आहे. परंतु तेथे छताखालची दोनशेहून अधिक बर्फाची मैदाने आहेत. यंत्राने बर्फ गोठवलेला असल्यामुळे तेथे ऋतू कोणताही असो, सराव होऊ शकतो. २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आइस हॉकीत पुरुषांचे सुवर्णपदक या लहानशा देशाने मिळवले.

आपल्याकडे आइस हॉकी प्रामुख्याने लडाखमध्ये खेळली जाते. तेथील मुले-मुली थंडीत गोठलेल्या तळ्यांवर खेळतात. थंडी ओसरली की बर्फ वितळतो आणि खेळ थांबतो. म्हणजे वर्षातून जेमतेम दोन महिने सराव! असे असूनही २०२५ साली महिलांच्या आशिया चषक स्पर्धेत भारतीय संघाने कांस्यपदक मिळवले. त्या संघातील बहुतेक खेळाडू लडाखच्या होत्या. दोन महिन्यांच्या बर्फावर ज्यांनी एवढे केले, त्यांना बारा महिने बर्फ मिळाला तर काय होईल?

नुसता पैसा पुरेसा नाही

मग भरपूर पैसा ओतला की झाले, असे कोणाला वाटेल. तसेही नाही. देहरादून येथे २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी छताखालचे मोठे बर्फाचे मैदान बांधले गेले. स्पर्धा झाली आणि मैदान अनेक वर्षे बंद पडले. ते चालवायला वीज, कामगार आणि देखभाल यांचा रोजचा खर्च लागतो. त्याची तरतूद झाली नाही. लडाखच्या मुली गोठलेल्या तळ्याची वाट पाहत होत्या आणि तयार मैदानाला कुलूप होते. २०२५ साली ते पुन्हा सुरू झाले. इमारत बांधणे सोपे, ती रोज चालवणे कठीण, हा धडा यातून मिळतो.

आणखी एक उदाहरण आपल्याच मातीतले आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत तयार झालेले पहिलवान. ऑलिम्पिकमधील कुस्ती मात्र गादीवर होते. १९४८ साली लंडनमध्ये त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते.

प्राचार्यांचे हे औदार्य विसरता येणार नाही. पण पुढचे वैयक्तिक पदक कधी मिळाले? १९९६ साली, टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी मिळवले. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली! एका गुरूने घर गहाण ठेवले तर एक शिष्य हेलसिंकीला जाऊ शकतो. परंतु प्रत्येक खेळाडूसाठी कोणीतरी घर गहाण ठेवील, अशा भरवशावर देश चालत नाही.

दार उघडले की

मैदान जवळ असले, शिकवणारा असला आणि दार उघडे असले, तर काय होते? मुंबईत चर्चगेट स्थानकासमोर हॉकीचे मैदान आहे. त्याच्या शेजारच्या मरीन लाइन्स भागात युवराज वाल्मीकी आणि देविंदर वाल्मीकी हे भाऊ लहानाचे मोठे झाले. त्यांच्या लहानशा घरात वर्षानुवर्षे वीजसुद्धा नव्हती. पण मर्झबान पटेल यांच्यासारखे प्रशिक्षक त्यांना मिळाले. पटेल यांनी अनेक गरीब मुलांना हॉकी शिकवली. २०१९ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २०११ साली आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या भारतीय संघात युवराज होते, तर देविंदर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये खेळले. घरात दिवा नव्हता, पण मैदान हाकेच्या अंतरावर होते.

मुलींच्या बाबतीत वाट आणखी अरुंद असते. मैदान दूर असले तर मुलगा एकटा बसने जातो, मुलीला मात्र घरातून परवानगी मिळत नाही. म्हणून सुरक्षित आणि जवळची जागा मुलींना अधिक गरजेची आहे. सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातील आसू गावची वैष्णवी फाळके ही शेतकऱ्याची मुलगी. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत राहण्याची, शिकण्याची आणि खेळण्याची सोय एकत्र असते. तेथे तिला संधी मिळाली. चीनमधील हांगझोउ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघात ती होती.

ओडिशा राज्यातील सुंदरगढ जिल्हा आदिवासी वस्तीचा आहे. तेथे हॉकी पिढ्यान्‌पिढ्या खेळली जाते. गावच्या सामन्यात विजेत्या संघाला बक्षीस म्हणून बकरा देण्याची तेथे रीत आहे. हौस होतीच. १९८५ साली राउरकेलाच्या पानपोश भागात शासनाने क्रीडा वसतिगृह सुरू केले. त्यामुळे हौसेला शिस्त आणि पोटभर जेवण मिळाले. भारताचे कर्णधार झालेले दिलीप तिर्की याच जिल्ह्यातले. २०१८ पासून ओडिशा शासनाने भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही राष्ट्रीय संघांचा खर्च उचलायला सुरुवात केली. सुंदरगढच्या सर्व १७ गटांमध्ये टर्फ घालण्याचे कामही शासनाने हाती घेतले. २०२१ साली टोकियोत भारताच्या पुरुष संघाने कांस्यपदक जिंकले. ऑलिम्पिक हॉकीतील हे पदक एकेचाळीस वर्षांनी मिळाले. त्या संघातील बीरेंद्र लाकडा आणि अमित रोहिदास सुंदरगढचेच. महिला संघ चौथा आला. २०२४ साली पॅरिसमध्ये पुरुषांनी पुन्हा कांस्यपदक मिळवले. एका राज्याने सारे केले असे म्हणता येणार नाही. परंतु सातत्याने मिळालेल्या आधाराचा त्यात वाटा आहे.

एक साधा हिशेब

आता वही काढा आणि एक हिशेब करा. समजा, एका मुलीच्या घरापासून मैदान दहा मिनिटांवर आहे. ती आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन तास सराव करते. वर्षातील पन्नास आठवडे धरले, तर ५०० तास होतात. दहा वर्षांत ५००० तास.

दुसरी मुलगी तितकीच हुशार, तितकीच चपळ आहे. पण तिचे मैदान शंभर किलोमीटरवर आहे, म्हणजे मालेगावहून नाशिक जेवढे दूर, साधारण तेवढे. ती महिन्यातून एकदाच जाऊ शकते आणि दोन तास खेळते. वर्षाचे २४ तास होतात. दहा वर्षांत २४० तास. बसभाडे वेगळे, आणि बरोबर येणाऱ्या वडिलांचा त्या दिवसाचा रोज बुडतो तो वेगळा.

निवडीच्या दिवशी दोघी एकाच रेषेवर उभ्या राहतात. पंच शिट्टी वाजवतात. सर्वजण म्हणतात, "पाहा, स्पर्धा किती न्यायाने होत आहे!" पण ५००० आणि २४० यांची शर्यत त्या शिट्टीच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

आपल्या मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालतो. शुक्रवारी कारखाने बंद असतात, तेव्हा गल्लीबोळांत, मोकळ्या जागेत मुलांचे खेळ रंगतात. दोन विटांचा गोल, फळीची बॅट, टेपने गुंडाळलेला चेंडू. त्या मुलांच्या पायांत वेग नाही, असे कोण म्हणेल? धावण्याची हौस आपल्याकडे भरपूर आहे. उणीव असलीच तर जागेची, शिकवणाऱ्याची आणि वेळेची आहे. संध्याकाळी घरकामाला किंवा कांड्या भरायला हात लावावा लागणाऱ्या मुलाला सरावाचा वेळ कोठून मिळणार, हाही संधीचाच प्रश्न आहे.

मग आपण काय करावे? शाळेचे मैदान असेल तर ते कचरा टाकण्याची किंवा गाड्या उभ्या करण्याची जागा होऊ देऊ नये. वस्तीत मोकळी जागा उरली असेल, तर ती खेळासाठी राखून ठेवावी, असा अर्ज मोठ्यांनी महानगरपालिकेकडे करावा. मैदानात मुलींसाठी ठरावीक वेळ असावी. ज्याला खेळ येतो, त्याने आठवड्यातून दोन तास लहानांना शिकवावे. याने उद्याच पदक मिळणार नाही. सुंदरगढमध्येही वसतिगृह सुरू झाल्यापासून टोकियोच्या पदकापर्यंत छत्तीस वर्षे लागली. झाड लावणारा फळ त्याच वर्षी मागत नाही.

पुढच्या वेळी कोणी म्हणाले की अमुक लोकांच्या रक्तातच खेळ असतो, तर त्यांना आदराने एवढेच विचारा, "चाचा, त्यांच्या घरापासून मैदान किती दूर आहे?"

---

शब्दार्थ

(काही शब्दांपुढे उर्दूतील शब्दही दिला आहे.)

संधी – मौका
पदक – तमगा
पराजय – शिकस्त
कृत्रिम – मसनूई, माणसाने बनवलेले
कौशल्य – महारत
निपुण – माहिर
प्रशिक्षक – खेळ शिकवणारा, उस्ताद
उपान्त्य सामना – अंतिम सामन्याच्या आधीचा सामना
पात्र ठरणे – भाग घेण्यास योग्य ठरणे
गहाण ठेवणे – गिरवी ठेवणे
औदार्य – सखावत, मनाचा मोठेपणा
तरतूद – आधीच करून ठेवलेली सोय, इंतजाम
सातत्य – खंड न पडता चालू राहणे

वाक्प्रचार

माथी मारणे – दुसऱ्यावर लादणे
हाकेच्या अंतरावर असणे – अगदी जवळ असणे
हातभार लावणे – मदत करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ऑलिम्पिकमध्ये हॉकी कृत्रिम गवतावर प्रथम कोठे खेळली गेली?
(आ) धनराज पिल्ले यांचे वडील कोणते काम करीत?
(इ) प्राचार्य खर्डेकर यांनी खाशाबांना पैसे कसे दिले?
(ई) लडाखमध्ये आइस हॉकीचा सराव वर्षभर का होत नाही?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) संसारपूरने अनेक ऑलिम्पिक खेळाडू दिले.
(आ) देहरादूनचे बर्फाचे मैदान अनेक वर्षे बंद राहिले.
(इ) मुलींना जवळच्या मैदानाची अधिक गरज असते.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'सारखा नियम आणि सारखी संधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत,' हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(आ) धनराज पिल्ले यांच्याजवळ पैसा नव्हता, तरी कोणत्या तीन गोष्टी होत्या?

प्र. ४. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही वापरले जातात. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
मैदान, खर्च, जमीन, हिशेब, कारखाना

प्र. ५. आपल्या वस्तीतील मोकळी जागा खेळासाठी राखून ठेवावी, अशी विनंती करणारा अर्ज महानगरपालिकेच्या आयुक्तांना लिहा.

उपक्रम

तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर मुलांना खेळता येईल अशा किती जागा आहेत, ते मोजा. त्यांपैकी किती जागांवर मुली खेळताना दिसतात, तेही लिहा. वर्गात सर्वांच्या नोंदी एकत्र करून तक्ता तयार करा.